लॅटिन 'क्लाविस'चे वंशज : लिस्बनमध्ये 'शाव', मग आपल्याकडे 'चावी' कशी?

उंबरठा
नमस्कार. लिस्बनमध्ये राहणाऱ्या एका शिक्षिकेकडे मी गेल्या पावसाळ्यापासून ऑनलाइन पोर्तुगीज शिकते आहे. घरातल्या वस्तूंच्या धड्यात किल्ली आली, तेव्हा मी त्यांना उत्साहाने सांगितले की तुमचा हा शब्द आमच्या भाषेत कित्येक पिढ्या नांदतो आहे आणि आम्ही त्याला 'चावी' म्हणतो. त्यांना आनंद झाला, पण त्यांनी स्वतः तो शब्द उच्चारला तेव्हा मी थबकले. त्या 'शाव' म्हणाल्या. शेवटचा स्वर ऐकू येईल न येईल इतका पुसट आणि सुरुवातीला स्वच्छ 'श'.

मराठीला 'श' परका नाही. पोर्तुगीजांकडून आपण शब्द घेतला असेल आणि ते 'श' म्हणत असतील, तर आपणही 'शावी' म्हणायला हवे होते. हा 'च' आला कुठून?

शब्दकोशात मूळ लॅटिन शब्द 'क्लाविस' असा दिला आहे. त्याची इतर लेकरे पाहिली तर इटालियनमध्ये 'कियावे', फ्रेंचमध्ये 'क्ले', स्पॅनिशमध्ये 'यावे', रुमानियनमध्ये 'केये' आणि कातालानमध्ये 'क्लाऊ'. सख्खी भावंडे असूनही एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळत नाही. या भाषा जाणणाऱ्यांनी किंवा त्या देशांत राहणाऱ्यांनी हा शब्द तिथे कसा बोलला जातो, त्याचे कोणकोणते अर्थ होतात आणि तो इतका का बदलला, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

मांडवीतीर
गोव्यात कोकणीतही 'चावी'च म्हणतात आणि 'च' तसाच आहे. आमच्या जुन्या घराच्या दारापाशी उभे राहिले की भाषांचा इतिहास समोर दिसतो. चावी पोर्तुगीज, बिजागरी पोर्तुगीज 'बिझाग्रा'पासून आलेली, कुलूप अरबी 'कुफ्ल'वरून अक्षरांची अदलाबदल होऊन झालेले, आणि कडी-कोयंडा आपला घरचा. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला ठाऊक नाही, त्यामुळे मीही वाट पाहतो.

अनुस्वार
एक वेगळे मत मांडतो. 'चावी' हा शब्द पोर्तुगीजच आहे असे आपण गृहीत का धरावे? किल्लीला दाते असतात आणि ती कुलपात शिरून जणू त्याचा चावा घेते. 'चावणे' या क्रियापदापासून 'चावी' सहज होऊ शकते. तसे असेल तर उंबरठाताईंचा प्रश्न मुळातच सुटतो, कारण 'च' आपलाच ठरतो. प्रत्येक जुना शब्द परक्याच्या पदरात टाकण्याची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते.

रानवाटा
आमच्याकडे नागपूरला 'चाबी' म्हणतात. बहुधा हिंदीच्या शेजारामुळे.

शिलालेख
अनुस्वार यांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे. पहिली गोष्ट अशी की हा शब्द एकट्या मराठीत नाही. गुजरातीत 'चावी', हिंदी आणि बंगालीत 'चाबी', तमिळमध्ये 'सावि' किंवा 'चावि', मलयाळममध्येही 'चावि' आहे. पोर्तुगीजांच्या वखारी आणि बंदरे जिथे जिथे होती त्या सगळ्या किनाऱ्यावर तो पसरलेला आहे. मराठी क्रियापदापासून घडलेला शब्द तमिळ आणि बंगाली घरांत इतक्या सहज पोहोचला, असे मानायला कठीण जाते. दुसरी गोष्ट उच्चाराची. 'चावणे' मधला 'च' आपण दातांशी जीभ लावून म्हणतो, 'चार' मधल्यासारखा नव्हे तर 'चाक' मधल्यासारखा. माझ्या घरी 'चावी' मधला 'च' मात्र 'चहा' मधला तालव्य 'च' आहे. शब्द घरचा असता तर हे दोन 'च' एकच असते. दात्यांवरून सुचणारी व्युत्पत्ती गोड आहे, परंतु ती शब्द रुळल्यानंतर लोकांनी लावलेला अर्थ आहे.

आता उंबरठाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, म्हणजे भावंडांचे चेहरे का जुळत नाहीत. ते जुळतात, पण एकटा शब्द पाहून ते दिसत नाही, त्याच्या शेजारचे शब्दही पाहावे लागतात. लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी 'क्ल', 'प्ल' आणि 'फ्ल' अशी जोडाक्षरे होती. प्रत्येक प्रदेशाने त्यांचे काय करायचे हे आपापल्या परीने ठरवले आणि मग तो नियम बहुतेक शब्दांना सारखा लावला. फ्रेंच आणि कातालान यांनी जोडाक्षर जपले. इटालियनने 'ल'चा 'य' केला. स्पॅनिशने पहिले व्यंजनच गाळले आणि 'ल' मऊ करून 'ल्य' केला, जो आज बहुतेक ठिकाणी 'य' झाला आहे. पोर्तुगीजने तिन्ही जोडाक्षरे वितळवून एकच नवा ध्वनी केला.

पाऊस घ्या. लॅटिन 'प्लुविया' फ्रेंचमध्ये 'प्लुई', इटालियनमध्ये 'प्योज्जा', स्पॅनिशमध्ये 'युविया' आणि पोर्तुगीजमध्ये 'शुवा' आहे. 'भरलेला' या अर्थाचा 'प्लेनुस' अनुक्रमे 'प्लँ', 'प्येनो', 'येनो' आणि 'शेयू' झाला. ज्वाळेसाठी असलेला 'फ्लाम्मा' फ्रेंचमध्ये 'फ्लाम', इटालियनमध्ये 'फ्याम्मा', स्पॅनिशमध्ये 'यामा' आणि पोर्तुगीजमध्ये 'शामा' झाला. हाक मारण्याचा 'क्लामारे' इटालियनमध्ये 'क्यामारे', स्पॅनिशमध्ये 'यामार' आणि पोर्तुगीजमध्ये 'शामार' झाला. या रांगेत 'क्ले, कियावे, यावे, शाव' ठेवून पाहा, म्हणजे त्यातला एकही शब्द वाट चुकलेला नाही हे लक्षात येईल. रुमानियन भाषेने तर आणखी बारकाईने निवड केली आहे. तिने 'क्ल' बदलला म्हणून 'केये' झाले, पण 'प्ल' आणि 'फ्ल' हात न लावता ठेवले, म्हणून तिच्याकडे पाऊस अजून 'प्लोआये' आहे.

'च' आणि 'श' या मूळ प्रश्नाबद्दल उद्या सवडीने लिहितो, कारण त्याला थोडी जागा लागेल.

अनुस्वार
तमिळ आणि बंगालीचा पुरावा मान्य आहे. 'चावणे' आणि 'चावी' यांतल्या 'च'चा फरक मी आयुष्यभर करत आलो आणि तो कधी कानांनी नीट ऐकला नाही, याचे आश्चर्य वाटते. माझे मत मागे घेतो.

पण एक प्रश्न राहतो. लॅटिनमध्ये खिळ्यासाठी 'क्लावुस' असा शब्द आहे असे वाचल्याचे आठवते. 'क्लाविस' आणि 'क्लावुस' हे एकाच मुळाचे आहेत का?

प्राजक्त
होय, ते एकाच कुळातले मानले जातात आणि त्यामागे वस्तूंचाच इतिहास आहे. जुन्या काळी किल्ली म्हणजे आजच्यासारखी चपटी दातेरी पट्टी नव्हती. दाराला आतून आडणा असायचा आणि भोकातून आकडा किंवा खुंटी घालून तो सरकवायचा. खुंटी, आकडा, खिळा आणि किल्ली हे सगळे एकाच कल्पनेचे आकार होते. बंद करणे या अर्थाचे लॅटिन 'क्लाउदेरे' हे क्रियापदही याच गोतावळ्यातले आहे. कातालानमध्ये हे नाते आजही उघड दिसते, कारण तिथे 'क्लाऊ' स्त्रीलिंगी असेल तर किल्ली आणि पुल्लिंगी असेल तर खिळा.

मला याहून जवळचे वाटते ते आपल्याकडचे उदाहरण. 'किल्ली', 'खीळ' आणि 'खिळा' हे तिन्ही शब्द संस्कृत 'कील' या शब्दाच्या घरातले आहेत आणि 'कील' म्हणजे खुंटी किंवा पाचर. रामरक्षेच्या आरंभी आपण 'श्रीमद्‌हनुमान्‌ कीलकम्‌' म्हणतो, तिथे कीलक म्हणजे मंत्र जिच्यामुळे बंद राहतो आणि जी काढल्यावर तो खुला होतो अशी खुंटीच आहे. सप्तशतीच्या आधी म्हणायच्या स्तोत्रांत कवच, अर्गला आणि कीलक एकापाठोपाठ येतात, आणि अर्गला म्हणजे दाराचा अडसर. रोममधल्या माणसाने आणि आपल्याकडच्या माणसाने एकमेकांना न विचारता खुंटीवरूनच किल्लीला नाव दिले. लहानपणापासून पाठ असलेल्या ओळीत ही किल्ली आहे, हे मला फार उशिरा कळले आणि त्या दिवशी मी रामरक्षा पुन्हा सावकाश म्हटली.

माँट्रियलहून
फ्रेंचबद्दल मी लिहू शकेन, कारण गेली एकोणीस वर्षे याच भाषेत माझे व्यवहार चालतात. 'क्ले' हा शब्द दोन प्रकारे लिहितात. एका लेखनात शेवटी 'फ' आहे, जो उच्चारला जात नाही, आणि दुसऱ्यात तो नाही. हा 'फ' म्हणजे लॅटिनमधल्या 'व'ची शेवटची खूण आहे. शब्दाच्या अखेरीस आल्यामुळे 'व'चा 'फ' झाला, अनेकवचनात 'स'च्या आधी तो गळाला आणि त्या अनेकवचनावरून लोकांनी 'फ' नसलेले एकवचन घडवले.

अर्थांच्या बाबतीत फ्रेंच उदार आहे. पाना म्हणजे 'क्ले', कमानीच्या माथ्यावरचा कळीचा दगड म्हणजे 'क्ले द व्हूत', आणि संगणकाला लावायचा पेनड्राइव्हसुद्धा 'क्ले'. एखाद्याने धंदा गुंडाळला तर त्याने 'किल्ली दाराखाली ठेवली' असे म्हणतात. बंधनातून निसटून मोकळे होणाऱ्याने 'शेतांची किल्ली घेतली' असे म्हणतात. शेताला कुलूप नसते, म्हणून हा वाक्प्रचार मला इतका आवडतो.

स्पॅनिशशी माझी गाठ पडली ती मेक्सिकोत. भाड्याच्या घराच्या मालकीणबाईंनी बाहेर पडताना 'यावे नीट बंद करा' असे बजावले होते. मी दाराला दोनदा किल्ली फिरवून निर्धास्तपणे गेलो. परत आलो तेव्हा न्हाणीघरातून पाणी वाहत जिन्यापर्यंत आले होते. तिथे 'यावे' म्हणजे नळही होतो. मालकीणबाई रागावल्या नाहीत, उलट माझ्याबरोबर पाणी पुसायला बसल्या आणि पुसता पुसता त्यांनी 'यावे'चे आणखी अर्थ सांगितले. पाना, कुस्तीतली पकड, लिहिताना वापरायचा महिरपी कंस हे सगळे 'यावे'. मोठ्या घराचा कारभार पाहणाऱ्या बाईला 'आमा दे यावेस' म्हणजे किल्ल्यांची मालकीण म्हणतात.

सोनचाफा
'किल्ल्यांची मालकीण' वाचून आजीच्या कमरेला लटकणारा जुडगा आठवला. धान्याच्या खोलीची, लाकडी कपाटाची आणि देवघरातल्या पेटीची किल्ली त्यात असे. तिने तो जुडगा माझ्या आईच्या हातात दिला त्या दिवशी घरात कोणी काही बोलले नाही, पण कारभार बदलला हे आम्हा मुलांनाही कळले.

प्राजक्त
सोनचाफा, रोममध्ये हीच गोष्ट उलट दिशेनेही घडत असे. घरच्या किल्ल्या गृहिणीच्या ताब्यात असत आणि त्या काढून घेणे म्हणजे तिचे घरातले स्थान काढून घेणे. रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पू. ४४ मध्ये मार्क अँटनीविरुद्ध लिहिलेल्या दुसऱ्या भाषणात, अँटनीने आपल्या सोबत राहणाऱ्या नटीला कसे दूर केले याचे वर्णन आहे. तिथे 'क्लाविस आदेमित' म्हणजे 'किल्ल्या काढून घेतल्या' असे शब्द आहेत आणि त्याचा आधार म्हणून तो बारा कोष्टकांच्या प्राचीन कायद्याचे नाव घेतो.

हाडवैद्य
शरीरशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो. गळ्याखालच्या हाडाला, ज्याला संस्कृतात जत्रु म्हणतात, लॅटिनमध्ये 'क्लाविकुला' म्हणजे 'लहानशी किल्ली' असे नाव आहे. त्याचा किंचित वळलेला आकार पाहिला की नाव पटते, आणि हात वर उचलताना ते हाड आपल्या अक्षाभोवती फिरतेही. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन या भाषांतल्या डॉक्टरांनी हे नाव पुस्तकातून जसेच्या तसे उचलले आहे.

पण तोच शब्द बोलीतून खाली उतरला तेव्हा वेगळ्याच ठिकाणी पोहोचला. 'क्लाविकुला' मध्ये दोन 'ल' होते. बोलताना पहिला गळाला, आणि त्यातून फ्रेंच 'शव्हीय' निघाला. त्याचा अर्थ लाकडी खुंटी, आणि पायाचा घोटासुद्धा. इटालियनमध्येही घोट्याला 'काव्हिल्या' म्हणतात. म्हणजे पुस्तकातून आलेली लहानशी किल्ली गळ्याशी राहिली आणि लोकांच्या तोंडून आलेली पायाशी. रोज क्ष-किरण चित्रांत ही दोन्ही हाडे पाहणाऱ्या मला हे नाते कळले तेव्हा झालेला आनंद इथे वाटून घ्यावासा वाटला.

षड्ज
हाडवैद्य यांनी 'शव्हीय'चा उल्लेख केला त्याला जोडून सांगतो की फ्रेंचमध्ये व्हायोलिनची तार पिळण्याच्या खुंटीलाही हाच शब्द आहे आणि स्पॅनिशमध्ये तिला 'क्लाविहा' म्हणतात. आपल्या तंबोऱ्याच्या खुंट्या आठवा. पुन्हा खुंटीच.

संगीतात 'क्लाविस'ने फार मोठा संसार केला आहे. मध्ययुगात स्वरांच्या अक्षरनामांना 'क्लावेस' म्हणजे किल्ल्या म्हणत. ओळींवर लिहिलेले स्वर कोणते हे कळावे म्हणून आरंभी एक अक्षर लिहीत आणि त्या अक्षराने पुढचे सगळे उलगडे, म्हणून ते किल्लीच ठरले. ऑर्गनच्या पट्ट्यांवर हीच अक्षरे असत आणि म्हणून पट्टीलाही किल्ली म्हणू लागले. फ्रेंच 'क्लाव्हिये' म्हणजे पट्ट्यांची रांग, आणि तिथूनच जर्मन लोकांचा 'क्लाव्हियर' आला. आपण संगणकाच्या पाटीला 'कळफलक' म्हणतो त्यातली 'कळ' याच अर्थाची आहे. पेटीवर बसलेला साथीदार गायकाला 'पट्टी कोणती?' असे विचारतो आणि 'काळी चार' असे उत्तर येते, तेव्हा बोटाखालची वस्तू आणि गाण्याचा आधारस्वर या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. युरोपातही हे असेच घडले.

स्पॅनिशमध्ये एक मौज अशी की दाराची किल्ली 'यावे', पण संगीताची, गूढलिपीची आणि रहस्याची किल्ली 'क्लावे'. क्युबातल्या संगीतात एकमेकांवर आपटून ताल धरायच्या दोन लाकडी दांड्यांनाही 'क्लावेस' म्हणतात, आणि त्यांनी धरलेला ठेका हाच सगळ्या वादनाचा आधार असतो. एकाच भाषेत 'यावे' आणि 'क्लावे' असे दोन शब्द कसे, हे शिलालेख यांनी सांगावे.

वसईकर_मी
षड्ज यांचा प्रश्न शिलालेखांकडे आहेच, तोवर दोन शब्द सुचवतो. 'कॉन्क्लेव्ह' हा शब्द गेल्या वर्षा-दोन वर्षांत बातम्यांमुळे सगळ्यांना ठाऊक झाला. त्याचा अर्थ 'किल्लीसह', म्हणजे कुलूप लावता येईल अशी खोली. इटलीतल्या व्हितेर्बो शहरात १२६८ मध्ये सुरू झालेली पोपची निवड १२७१ पर्यंत रेंगाळली. त्या निवडीतून पोप झालेल्या दहाव्या ग्रेगरीने १२७४ मध्ये लियों इथल्या धर्मपरिषदेत नियम केला की कार्डिनलांना एकत्र कोंडून ठेवावे आणि निवड लांबत जाईल तसे त्यांचे जेवण कमी करावे. व्हॅटिकनच्या ध्वजावर सोन्याची आणि चांदीची अशा दोन किल्ल्या आहेत. 'स्वर्गराज्याच्या किल्ल्या मी तुला देईन' हे येशूने पेत्राला उद्देशून काढलेले वचन त्यामागे आहे आणि लॅटिन बायबलमध्ये तिथे 'क्लावेस' हाच शब्द आहे. आमच्या वसईच्या चर्चमध्ये पेत्राची मूर्ती हातातल्या किल्लीवरूनच लहान मुले ओळखतात.

दुसरा शब्द 'एन्क्लेव्ह', फ्रेंचमधून आलेला. त्याचा मूळ अर्थ 'किल्लीने आत कोंडलेला' प्रदेश. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांचे असेच कोंडलेले तुकडे होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते मुक्त झाले आणि त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसे होती. पोर्तुगालने तिथे जाण्याचा हक्क मागण्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली आणि त्याचा निकाल १९६० मध्ये लागला. आपल्याला 'चावी' देणाऱ्या राज्याचा एक मोठा वाद किल्लीच्याच शब्दावर येऊन ठेपला, असे मला वाटते.

रानवाटा
रुमानियात सहलीला गेलो होतो. तिथे अरुंद खिंडींना 'केइ' म्हणजे किल्ल्या म्हणतात. बिकाझ नदीची खिंड पाहिली, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि मधून रस्ता. नाव अगदी शोभते.

शिलालेख
षड्ज यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातूनच 'च'चे उत्तर निघते.

एकच लॅटिन शब्द एका भाषेत दोनदा येऊ शकतो. एकदा तो आईच्या तोंडून मुलाच्या तोंडी जात शतकानुशतके झिजत येतो आणि पुन्हा कधीतरी विद्वान मंडळी त्याला ग्रंथातून अख्खा उचलून आणतात. 'यावे' हा झिजलेला, 'क्लावे' हा उचललेला. आपल्याकडे 'काम' आणि 'कर्म' किंवा 'हात' आणि 'हस्त' हे असेच जोडीने नांदतात.

पोर्तुगीजमध्ये तर दोन नव्हे, तीन थर दिसतात. सर्वांत जुना थर 'शाव', 'शुवा', 'शामा' यांचा. मधल्या थरात 'ल'चा 'र' झाला, म्हणून खिळ्याचा 'क्लावुस' तिथे 'क्रावु' आहे. सर्वांत वरचा थर ग्रंथांतून घेतलेला, जसा संगीतातला 'क्लाव'. 'प्लागा' म्हणजे घाव या लॅटिन शब्दाची दोन रूपे पाहा : जखम या अर्थाचा 'शागा' जुना, आणि रोगराई किंवा शाप या अर्थाचा 'प्रागा' मधला. ही 'क्रावु'ची गोष्ट इथेच थांबत नाही. लवंग खिळ्यासारखी दिसते म्हणून पोर्तुगीजांनी तिलाही 'क्रावु' म्हटले. स्पॅनिश 'क्लावो' आणि फ्रेंच 'क्लू द झिरोफ्ल' मागेही हेच साम्य आहे. लवंगेसारखा वास येतो म्हणून कार्नेशनचे फूलही 'क्रावु' झाले. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी हीच फुले खोवली आणि त्या क्रांतीला 'क्रावुंची क्रांती' असे नाव पडले. त्याच क्रांतीनंतर आलेल्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

आता 'च'. जुन्या पोर्तुगीजमध्ये दोन वेगळे ध्वनी होते आणि ते वेगळ्या अक्षरांनी लिहिले जात. एक 'च', जो आपण 'चहा'त म्हणतो तसा, आणि दुसरा 'श'. 'चावे' हा शब्द तेव्हा 'च'नेच म्हटला जाई. लिस्बन आणि दक्षिणेकडच्या भागात सुमारे सतराव्या शतकापासून 'च' मऊ होत 'श'मध्ये मिसळून गेला. लेखन जुनेच राहिले, उच्चार बदलला. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० मध्ये आणि वसई त्यांच्याकडे गेली १५३४ मध्ये. आपल्याकडच्या सुतार-लोहारांनी, व्यापाऱ्यांनी आणि नोकरचाकरांनी जो शब्द ऐकला तो 'च' असलेला होता. उंबरठाताई, तुमच्या शिक्षिका जो उच्चार करतात तो पुढचा आहे आणि आपला त्याच्या आधीचा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा हा शब्द कोकणात कधीच घरचा झाला होता.

हेच फ्रेंचमध्ये काही शतके आधी घडले आणि त्याचा पुरावा आपण रोज बोलतो. 'चीफ' आणि 'शेफ' हे दोन्ही इंग्रजीतून आलेले शब्द एकाच फ्रेंच शब्दाचे आहेत, लॅटिन 'कापुत' म्हणजे डोके याचे वंशज. इंग्रजांनी पहिला घेतला तेव्हा फ्रेंच लोक 'च' म्हणत होते, दुसरा घेतला तेव्हा 'श' म्हणू लागले होते. उसना घेतलेला शब्द घेणाऱ्याच्या घरी अशी तारीख जपून ठेवतो. जपानी भाषेतही पोर्तुगीज 'चारामेला' नावाचे फुंकून वाजवायचे वाद्य 'चारुमेरा' म्हणून 'च'सकट राहिले आहे.

माँट्रियलहून
शिलालेख, तुमचे वाचून एक गोष्ट जुळली. ब्वेनोस आयरेसमध्ये स्पॅनिश बोलणारे लोक 'यावे'ला 'शावे' म्हणतात. तिथे पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते पोर्तुगीज शब्द वापरत आहेत असे मला वाटले होते. म्हणजे दोघे वेगवेगळ्या वाटांनी त्याच 'श'पाशी पोहोचले?

शिलालेख
अगदी तसेच. पोर्तुगीजचा 'श' जुन्या 'च'पासून आला आणि ब्वेनोस आयरेसचा 'श' हा 'ल्य' ते 'य' ते 'झ'सारखा ध्वनी अशा पायऱ्या चढत आला. कानाला शब्द एक, पण त्यांची वंशावळ निराळी. म्हणून केवळ आज ऐकू येणाऱ्या साम्यावरून नाते जोडू नये, आणि आज ऐकू येणाऱ्या फरकावरून तोडूही नये.

मांडवीतीर
मग तो जुना 'च' पोर्तुगालमध्ये कुठेच उरला नाही का?

शिलालेख
उरला आहे. पोर्तुगालच्या उत्तरेकडे, विशेषतः त्राझ-उझ-मोंतिश आणि मिन्यूच्या खेड्यांत, जुनी माणसे अजून 'च' आणि 'श' वेगळे ठेवतात. आणि सीमेपलीकडे स्पेनमधल्या गालिसियात तर किल्लीला सरळ 'चावे' म्हणतात, लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सगळे. तिथे गेलेल्या मराठी माणसाला दाराची किल्ली मागताना काही बदलावे लागणार नाही.

उंबरठा
आठवडाभर या धाग्यावर येऊन वाचत होते, आज माझ्याकडेही सांगण्यासारखे आहे. कालच्या तासाला मी शिक्षिकांना विचारले की तुमच्या घरात कोणी 'चाव' म्हणणारे होते का. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या की त्यांची आजी उत्तरेतल्या ब्रागान्सा शहराजवळच्या एका गावची होती आणि ती असेच म्हणायची. शाळेत असताना या लिस्बनला शिकायला आल्या, तेव्हा वर्गातल्या मुलींनी त्यांच्या 'च'ला हसून गावंढळ ठरवले होते, म्हणून त्यांनी तो जाणूनबुजून सोडला. आजीशी फोनवर बोलतानाही मग त्या 'श' म्हणू लागल्या.

त्यांनी मला 'चावी' पुन्हा म्हणायला सांगितले. मी म्हटले. मग त्यांनी स्वतः म्हणून पाहिले, आधी आपल्यासारखे 'चावी' आणि नंतर आजीसारखे 'चाव'. तासाची उरलेली वीस मिनिटे आम्ही धडा बाजूला ठेवून आजीच्या घरातल्या वस्तूंची नावे त्यांना आठवतील तशी लिहून काढली. ती यादी माझ्या वहीत आहे. तिच्यात 'च'ने सुरू होणारे अकरा शब्द आहेत, आणि सर्वांत वर चावी.